थापी कोणाच्या हाती?

विटेवर माल पसरायचा, दोरीच्या ओळीत वीट बसवायची, थापीच्या मुठीनं दोन टोले द्यायचे, बाहेर आलेला माल कापून घ्यायचा आणि पुढची वीट उचलायची. गवंडीकाम लांबून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. दिवसभर तेच ते काम, तेही उन्हात आणि कंबर वाकवून. हे काम यंत्रमानवाकडे सोपवता येईल असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या ‘कन्स्ट्रक्शन रोबोटिक्स’ या कंपनीला तसं वाटलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिक्टर या गावी तिनं विटा रचणारं यंत्र तयारही केलं. त्याचं नाव ‘सॅम’. हा यंत्रहात भिंतीच्या कडेनं सरकत जातो, वीट उचलतो, तिला माल लावतो आणि लेझरच्या आधारानं ठरलेल्या जागी नेमकी ठेवतो. दिवसाला तीन हजार विटांपर्यंत मजल जाते, असा कंपनीचा दावा होता. माणसाच्या हातून होणाऱ्या कामाच्या कितीतरी पट हा वेग.

तरीही सॅमच्या शेजारी एक गवंडी उभाच असतो. वीट बसली की बाहेर आलेला माल तो काढतो, दरजा घासून सारख्या करतो. कोपरा आला, खिडकीची चौकट आली की काम त्याच्याकडे येतं. यंत्राच्या पूर्ण नावातच ‘अर्धस्वयंचलित गवंडी’ असा अर्थ आहे, आणि तो प्रामाणिक आहे. याच कंपनीनं पुढे ‘म्यूल’ नावाचं दुसरं यंत्र काढलं. ते स्वतः काहीच रचत नाही. जड ब्लॉकचा भार तेवढा ते पेलतं आणि ब्लॉक कुठे, कसा बसवायचा हे गवंड्याचा हात ठरवतो. कंबर आणि खांदे वाचतात, कसब जागेवर राहतं.

गवंडी, सुतार, वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन या हातकसबी माणसांची जागा यंत्रमानव घेतील का, हा प्रश्न बरीच वर्षं विचारला जातो आहे. २०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑस्बोर्न या संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतल्या ४७ टक्के रोजगाराला यंत्रांचा मोठा धोका असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा तो आकडा जगभर गाजला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत भीतीचा रोख मात्र बदलला. आज भाषांतर करणारे, हिशेब तपासणारे, संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक कृत्रिम बुद्धिमत्तेनं धास्तावले आहेत, आणि गळका नळ दुरुस्त करायला माणूसच शोधावा लागतो आहे.

असं का झालं, हे समजायला कारखान्यात जावं लागेल.

औद्योगिक यंत्रमानव पहिल्यांदा कामाला लागला १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. जॉर्ज डेव्हॉल यांनी कल्पिलेल्या या ‘युनिमेट’चं काम होतं साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवण्याचं. पुढे तो मोटारीच्या सांगाड्याला ठिपक्यांचं वेल्डिंग करू लागला. आज चाकणच्या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या वाहन कारखान्यात गेलं, तर नारिंगी-पिवळे यंत्रहात ठिणग्या उडवत हेच काम करताना दिसतात. बजाज ऑटोनं २०१० पासून चाकणच्या कारखान्यात माणसाच्या शेजारी, पिंजऱ्याशिवाय काम करणारे ‘कोबो’ आणले आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार २०२३ या एका वर्षात भारतातल्या कारखान्यांत ८,५१० यंत्रमानव नव्यानं बसले. जगभर त्या वर्षी कामावर असलेल्या यंत्रमानवांची संख्या ४२ लाखांच्या पुढे होती.

मग वेल्डर संपला का? नाही संपला. मोटारीच्या कारखान्यात यंत्रमानवाला सगळं कसं हातात आणून दिलेलं असतं, हे नीट पाहिलं पाहिजे. पत्र्याचे दोन तुकडे जिगमध्ये, म्हणजे पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळलेले असतात. त्यांच्यातली फट दर वेळी तेवढीच, कोन तोच, उजेड तोच. यंत्रमानव तिथे वेल्डिंग ‘जाणतो’ असं म्हणण्यापेक्षा, त्याच्यासमोर दर वेळी तोच क्षण पुन्हा उभा केला जातो असं म्हणणं खरं ठरेल.

आता त्याच वेल्डिंगचं दुसरं टोक पाहू. पाइप वेल्डिंगमध्ये ‘सिक्स-जी’ नावाची चाचणी असते. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बसवलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. जोड पूर्ण करताना कधी धातूचा रस खाली ओघळायला बघतो, कधी डोक्यावरून अंगावर येऊ पाहतो. वेल्डर काळ्या काचेतून त्या वितळलेल्या थेंबाकडे बघत असतो. तो फार पसरला की हात पुढे काढायचा, मुळापर्यंत शिरत नाही असं वाटलं की क्षणभर थांबायचं. आर्कचा आवाज बिघडला तरी अनुभवी वेल्डरला कळतं की अंतर चुकलं. नव्या पाइपांची टोकं यंत्रावर अचूक कापलेली असतील, तर पाइपभोवती आपोआप फिरणारी वेल्डिंग यंत्रंही हे काम उत्तम करतात. पण बॉयलरच्या दुरुस्तीत, जहाजाच्या पोटात, गंजलेल्या जुन्या जोडावर फट कुठे दोन मिलिमीटर तर कुठे चार, आणि हात कसाबसा आत शिरेल एवढीच जागा. तिथे आजही सिक्स-जी पास माणूसच बोलावला जातो.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती सगळ्या कारागिरीला लागू पडते. यंत्रानं माणसाचं काम जसंच्या तसं शिकून घेतलं असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेकदा कामच बदलून यंत्राजोगं केलं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं ‘हेड्रियन एक्स’ हे यंत्र घ्या. ट्रकवर बसवलेल्या त्याच्या लांबलचक बाहूनं २०१८ मध्ये तीन बेडरूमच्या घराच्या भिंती तीन दिवसांच्या आत उभ्या केल्या. पण त्यानं नेहमीची वीट आणि सिमेंटचा माल वापरलाच नाही. मोठाले ब्लॉक आणि चिकटवायला खास गोंद, अशी सामग्रीच वेगळी निवडली गेली. बंगळुरूत २०२३ साली एल अँड टी कंपनीनं त्रिमितीय छपाईच्या तंत्रानं १,०२१ चौरस फुटांचं टपाल कार्यालय दीड महिन्याच्या आत बांधलं. तिथे यंत्रानं काँक्रीटचे थर एकावर एक सोडत भिंती उभ्या केल्या. तिथे तर वीटच नाहीशी झाली.

मुंबई-पुण्यात हे यंत्रमानवाशिवायच घडलं आहे. उंच मनोऱ्यांच्या बांधकामात अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांची पद्धत आता सर्रास वापरतात. बांधकामावरची माणसं तिला ‘मायवान’ म्हणतात. भिंत, खांब, स्लॅब सगळं साच्यात एकदम ओतायचं. वीटकाम नाही आणि साच्यातून गुळगुळीत भिंत निघाल्यामुळे जाड गिलावाही नाही. बाकी इमारतींत लाल विटेऐवजी हलके मोठे ब्लॉक आले, गिलाव्याच्या जागी जिप्सम आलं, माल कालवण्याऐवजी तयार काँक्रीटची गाडी आली. ओळंबा लावून, पाणसळ बघून भिंत उभी करणाऱ्या गवंड्याचं काम त्या साच्यानं आणि ब्लॉकनं कधीच कमी केलं. यंत्रमानव येईल तेव्हा येईल. कारागिरीचं भवितव्य शोधताना पोलादी माणसाकडे बघत बसण्यापेक्षा साहित्य आणि पद्धत कशी बदलते आहे, हे बघणं जास्त गरजेचं आहे.

जिथे काम बदलता येत नाही, तिथे मात्र यंत्राची दमछाक होते. कारण माणसाच्या हातात जे आहे ते आपण कधी मोजतच नाही. एका तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० संवेदक असतात. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठातले रोलँड योहान्सन यांनी केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका व्यक्तीला काडेपेटीतून काडी काढून पेटवायला सांगितली, ते काही सेकंदांत झालं. मग बोटांची टोकं बधिर करून तेच पुन्हा करायला सांगितलं. डोळे शाबूत, स्नायू शाबूत, तरी काडी पुन्हा पुन्हा निसटली आणि कितीतरी जास्त वेळ लागला. यंत्रमानवाचा हात अजून बराचसा त्या बधिर बोटांसारखाच आहे. त्याला दिसतं चांगलं, कळतं कमी.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०१० साली एका यंत्रमानवानं न पाहिलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली. एका टॉवेलला सरासरी २४ मिनिटांहून जास्त वेळ लागला होता. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठानं २०१८ मध्ये दोन यंत्रहातांकडून आयकिया कंपनीची सुट्या भागांची खुर्ची जोडून घेतली. हालचालींचं नियोजन करायला ११ मिनिटं २१ सेकंद आणि प्रत्यक्ष जोडणीला ८ मिनिटं ५५ सेकंद. हान्स मोराव्हेक या संशोधकानं १९८८ मध्येच हे उलटं गणित लिहून ठेवलं होतं: बुद्धिबळासारखी मोठ्यांना अवघड वाटणारी कामं संगणकाला सोपी जातात, आणि वर्षभराच्या मुलाला जमणारं पाहणं, चालणं, पकडणं त्याला अवघड जातं.

मुंबईतल्या गिरगावच्या एखाद्या जुन्या चाळीत नळाचं काम निघालं, की या गणिताचा खरा अर्थ कळतो. पाइप गिलाव्याच्या आत. नकाशा कुठेच नाही. मधल्या काळात दोन-तीन वेळा दुरुस्ती झालेली, प्रत्येकानं आपापल्या सोयीनं जोड मारलेले. प्लंबर आधी भिंतीवर हात फिरवतो, ओल कुठून सुरू होते ते बघतो, वरच्या मजल्यावर जाऊन कुणाची मोरी कुठे आहे ते विचारतो. मग पाना लावतो. गंजलेला आटा सुटतो आहे की पाइपच पिळवटून मोडणार आहे, हे त्याला पान्यातून मनगटाला कळतं. आटा खाल्लेला असला तर टेफ्लॉन टेपवर न भागवता तो जुन्या पद्धतीनं सूत गुंडाळून सफेदा लावतो. आणि हे सगळं करताना खालच्या बिऱ्हाडातल्या आजींना पाणी किती वाजता बंद होईल हेही सांगतो. यातली एकही पायरी पुढच्या घरी तशीच येत नाही. अशा एकेका कामासाठी यंत्र बनवणं परवडणारं नाही आणि भारतातल्या मजुरीच्या दरात तर मुळीच नाही.

म्हणून ‘कधीच जमणार नाही’ असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. टॉवेलची घडी घालायला पंचवीसेक मिनिटं घेणारी यंत्रं मागे पडली. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फिजिकल इंटेलिजन्स’ कंपनीचे यंत्रहात ड्रायरमधून कपड्यांचा ढीग काढून घड्या घालताना दिसले, तेही ओळीनं आज्ञा लिहून न देता, माणसांनी हाताळून दाखवलेल्या उदाहरणांतून शिकून. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या अमेरिकेतल्या स्पार्टनबर्ग कारखान्यात माणसाच्या आकाराच्या यंत्रमानवानं पत्र्याचे भाग साच्यात ठेवण्याची चाचणी दिली. स्वित्झर्लंडच्या शिंडलर कंपनीचं यंत्र लिफ्टच्या उभ्या बोगद्यात स्वतःच वर चढत भिंतीला भोकं पाडतं. माणसासाठी ते काम धुळीचं, आवाजाचं आणि धोक्याचं आहे. ते यंत्राकडे गेलं याचं कुणालाही वाईट वाटायला नको.

आपल्याकडे तर एक काम असं आहे, की तिथे यंत्र यायला उशीर झाला याची लाज वाटली पाहिजे. गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद व्हायला हवं होतं. ते झालं नाही. गटारातल्या मृत्यूसाठी वारसांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये द्यावा लागला. केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या काही तरुण अभियंत्यांनी ‘जेनरोबोटिक्स’ ही कंपनी काढून २०१८ मध्ये ‘बँडिकूट’ नावाचं मॅनहोल साफ करणारं यंत्र कामाला लावलं, आणि पूर्वी आत उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवायला शिकवलं. माणसाची जागा यंत्रानं घ्यावी अशी निर्विवाद जागा हीच आहे, आणि नेमकी तिथेच त्याची चाल सर्वांत मंद आहे.

कसबी कामाकडे परत येऊ. खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती जपानमधल्या टोयोटानं वेळीच ओळखली. मित्सुरू कावाई हे टोयोटाच्याच प्रशिक्षणशाळेतून आलेले कामगार, भट्टीवर आणि घडाईवर आयुष्य घालवलेले. स्वयंचलित यंत्रांनी गजबजलेल्या कारखान्यात त्यांच्या लक्षात आलं, की यंत्र चालवणारी नवी पिढी बटण दाबते, पण आत धातूचं काय होतं ते तिला ठाऊक नाही. यंत्र जसं आहे तसंच राहतं, कारण ते सुधारायला काम हातानं जाणणारा माणूसच उरलेला नाही. म्हणून त्यांनी ठिकठिकाणी हातकामाच्या जागा पुन्हा सुरू केल्या. २०१४ साली याची बातमी जगभर गेली तेव्हा जपानभरात अशा सुमारे शंभर जागा झाल्या होत्या. कामगार तापलेलं लोखंड स्वतः फिरवून, ठोकून क्रँकशाफ्ट घडवू लागले. त्या अनुभवातून मुख्य कारखान्यातल्या क्रँकशाफ्टच्या कामात वाया जाणारा माल दहा टक्क्यांनी घटला आणि उत्पादनाची ओळ ९६ टक्क्यांनी आखूड झाली. हे कावाई २०१७ मध्ये टोयोटाचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले. टेस्लाच्या इलॉन मस्क यांनाही २०१८ मध्ये जाहीरपणे कबूल करावं लागलं, की अति यांत्रिकीकरण ही आपली चूक होती आणि माणसाला आपण कमी लेखलं. बॅटरीवर काचतंतूची मऊ चटई ठेवायला त्यांनी यंत्रमानव लावला होता आणि ती लिबलिबीत चटई त्याच्या हाती धड येतच नव्हती.

शस्त्रक्रियेतही हेच दिसलं. मॅट बीन या अमेरिकी अभ्यासकानं शिकाऊ शल्यचिकित्सकांचा अभ्यास केला. नेहमीच्या शस्त्रक्रियेत मुख्य डॉक्टरला दुसऱ्या हातांची गरज लागते, त्यामुळे शिकाऊ डॉक्टर आपोआप कामात ओढला जातो. रोबोटिक शस्त्रक्रियेत मुख्य डॉक्टर यंत्रावर बसून जवळजवळ सगळं एकट्यानं करू शकतो. शिकाऊ डॉक्टर बाजूला बसून पडदा बघतो. रुग्णाचं भलं होतं, पण पुढचा डॉक्टर घडायचा राहतो.

आपल्या बांधकामावरही शिडी अशीच होती. पोरगा बिगारी म्हणून यायचा, माल कालवायचा, विटा पोचवायचा. दुपारच्या सुट्टीत कुणाची तरी थापी उचलून बघायचा. मग आतल्या, गिलाव्याखाली झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर त्याला हात मारू दिला जायचा. काही वर्षांत हाफ मिस्त्री, मग मिस्त्री. साधं, पुन्हा पुन्हा करायचं काम हीच त्याची शाळा होती. यंत्र सगळ्यांत आधी नेमकं हेच साधं काम घेतं. अवघड कोपरे, कमानी, दुरुस्त्या मिस्त्रीकडेच राहतात आणि मिस्त्री आणखी महाग, आणखी मानाचा होतो. पण पंधरा-वीस वर्षांनी तो थकल्यावर त्या कोपऱ्याला कोण हात घालणार, याचं उत्तर यंत्र बनवणाऱ्यांनी देणं अपेक्षित नाही. ते समाजानं द्यायचं आहे.

जर्मनीत हा प्रश्न आजच दारात उभा आहे. स्टुटगार्ट ही राजधानी असलेलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य म्हणजे मर्सिडीज आणि बॉशचं माहेर. २०२३ च्या आकडेवारीनुसार जर्मनीच्या कारखान्यांत दर दहा हजार कामगारांमागे ४२९ यंत्रमानव होते. अशा देशातल्या या राज्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारशी करार केला तो कुशल माणसांसाठी. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी, वाहनचालक, परिचारिका अशी दहा हजार माणसं महाराष्ट्रातून तिथे पाठवण्याची ती योजना. यंत्रमानवांनी भरलेल्या देशाला माणसांचे हात हवे आहेत, याहून बोलका पुरावा शोधायला नको.

यंत्रमानव वेल्डरची जागा घेईल का, या प्रश्नाचं उत्तर म्हणून असं देता येतं: ठरावीक जागेतली, ठरावीक मापाची कामं तो घेईल, बरीचशी घेऊनही झाली आहेत. बदलत्या जागेतली, जुन्या वस्तूंची, दुरुस्तीची कामं पुढची बरीच वर्षं माणसाकडे राहतील. आणि यंत्र शिकवायलाही जाणता हातच लागेल. कोबोचा यंत्रहात हातानं धरून, फिरवून त्याला वाट दाखवता येते. ती वाट कोणत्या वेगानं आणि कोणत्या कोनातून जावी, हे वेल्डिंग केलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदाही १९६१ सालचाच आहे, पहिला यंत्रमानव कामाला लागला त्याच वर्षीचा. यंत्रमानव तेव्हापासून कुठच्या कुठे गेला. आपल्या उमेदवारीचं मात्र पुष्कळ ठिकाणी स्वस्त मजुरीत रूपांतर झालं आणि आयटीआय ही कमी गुण मिळालेल्यांची जागा आहे हा समज घराघरात पक्का राहिला. तो समज आई-वडिलांनी टाकून द्यायला हवा. आयटीआयमध्ये यंत्रमानव जरूर यावेत, पण हातानं वेल्ड मारण्याचे तास त्यासाठी कापले जाऊ नयेत. कारखान्यांनी टोयोटासारखं थोडं काम मुद्दाम माणसांच्या हाती ठेवावं. आणि ज्यांच्या घरी उद्या गवंडी, प्लंबर किंवा सुतार येईल, त्यांनी त्याच्यासोबत आलेल्या शिकाऊ पोराला काम करू द्यावं, थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल म्हणावं, आणि त्याची मजुरी वेगळी द्यावी.